रुजू तारीख

त्या कंपनीनं मला मुलाखतीसाठी तीनदा बोलावलं. तिसऱ्या वेळी आई सोबत आली होती. ती आली नसती तरी जे झालं ते झालंच असतं, असं मी लोकांना सांगते. पण मला स्वतःला त्याची तेवढी खात्री नाही.

आम्ही वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे गावचे. गावाला लागून बाबांचं वावर आहे, त्यात वांगी, पालक, मेथी, सांबार असं काही ना काही वर्षभर निघत असतं. सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे तिला दुसरं नाव नाही. बाबा पिकवतात आणि आई बाजारात विकते. मी कॉम्प्युटरकडे गेले. वर्ध्याच्या कॉलेजातून इंजिनिअर झाले आणि नागपूरच्या एका कंपनीचं काम घरूनच करायला लागले. ते बरं चाललं होतं, पण ती कंपनीच बंद पडली आणि मी रिकामी झाले. पुण्याला जा म्हणणारे पुष्कळ होते. मला जायचं नव्हतं. त्यात त्याग वगैरे काही नव्हता. मला इथंच आवडतं, एवढंच. त्यामुळे वर्ध्यातच एका सॉफ्टवेअर कंपनीला माणूस हवाय असं कळलं, तेव्हा मला फार आनंद झाला.

कंपनी आर्वी नाक्याकडे होती. खाली मेडिकल स्टोअर आणि वर दोन खोल्या. जिनिंगवाल्यांसाठी, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांसाठी, प्रोग्राम बनवायचे: कापसाची गाडी काट्यावर आली की वजनाची नोंद, पावती, कास्तकाराचा म्हणजे शेतकऱ्याचा हिशेब, सगळं त्यात. काम ऐकूनच मला आवडलं होतं. सिंदीत वाढलेल्या माणसाला कापूस समजावून सांगावा लागत नाही.

पहिल्या वेळी, दिवाळीच्या आधी, सकाळी बोलावलं होतं. मी इस्त्रीचा ड्रेस घालून, सगळी सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फाइलीत लावून वेळेआधी पोचले. दाराबाहेरच्या बाकावर बसा, म्हणाले. मी बसले. लोक आले, गेले, जेवणाचे डबे उघडले, बंद झाले. मला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. दुपार कलल्यावर मालक आले. त्यांना सगळे सर म्हणत. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातानं कानाला मोबाइल. आत बोलावलं आणि इंग्रजीत म्हणाले, स्वतःबद्दल सांगा.

मी हे आरशासमोर उभी राहून पाठ केलं होतं. सुरुवात केली, तोच त्यांचा फोन वाजला. बोलून झाल्यावर हातानंच खूण केली, हं, चालू द्या. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा फोन. तिसऱ्यांदा मी कुठल्या शाळेत शिकले तिथवर पोचले होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "वडील काय करतात?"

"भाजीपाल्याची शेती."

"लग्न ठरलंय?"

"नाही."

"ठरेल की. मग आम्ही काय करायचं?"

याचं उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं. मग ते म्हणाले, सिंदीहून रोज यायला जमेल का, गाडी लेट झाली तर काय, आणि तुमच्या बोलण्यात जरा गावाकडचा टोन येतो, कम्युनिकेशनवर काम करा. हे सगळं त्यांनी अगदी प्रेमानं सांगितलं. म्हणूनच जास्त लागलं.

"एक छोटीशी टेस्ट घेऊ," असं म्हणून त्यांनी मला बाहेरच्या खोलीत एका इंजिनिअरकडे पाठवलं. त्या कंपनीत प्रोग्राम लिहिणारा तो एकटाच होता. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, दाढी वाढलेली, डोळे जागरणानं लाल. पुढे मी त्याला दादा म्हणायला लागले, म्हणून इथंही तेच म्हणते. त्यानं एक प्रोग्राम उघडून दिला. पावतीवर तारीख उलटी छापली जात होती. महिन्याच्या जागी दिवस आणि दिवसाच्या जागी महिना. चूक शोधून दुरुस्त करायची.

मला ते काम आवडलं. दिवसभराचा शीण तिथं बसल्याबरोबर गेला. प्रोग्राम लिहिताना मधल्या, तात्पुरत्या गोष्टींना काहीतरी नाव द्यावं लागतं. लोक एक्स, वाय असं देतात. मी भाज्यांची नावं देते, कॉलेजातली सवय. तिथंही एका जागी इंग्रजी अक्षरांत 'वांगी' लिहिलं, एका जागी 'सांबार'. तारीख सरळ झाली. दादानं पाहिलं आणि मान हलवली. सर म्हणाले, एचआर कळवेल. त्या दोन खोल्यांत एचआर कुठं बसतो, ते मला दिसलं नाही.

पंधरवड्यानं फोन आला की दुसरा राउंड आहे. पुन्हा पॅसेंजर, पुन्हा तोच बाक. या वेळी प्रश्नबिश्न नव्हतेच, सरळ टेस्ट. पावतीवर मराठी नावं छापताना अक्षरांऐवजी चौकोन येत होते. अल्लीपूरच्या कुणा कास्तकाराचं अख्खं नाव चौकोनांत गेलेलं. परीक्षेसाठी किती खऱ्यासारखी उदाहरणं घेतलीत, असं मला वाटलं आणि चक्क कौतुक वाटलं. तेही करून दिलं. सर म्हणाले, "व्हेरी गुड. एचआर कळवेल."

घरी बाबा काही विचारायचे नाहीत. आई मात्र विचारायची, आणि मोठ्यानं. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा ती ओट्यावर बसून मेथी निवडत होती.

"आता काऊन बोलावते?"

"तिसरा राउंड आहे, आई."

"पोरगी पाहाले येनारे बी दोनदात सांगून टाकतात वं. याईचं काय चाललं हाय?" तिनं काड्या टोपलीत टाकल्या. "उद्या मी येतो तुह्यासंगं. पाहातो तं सई, कोन हाय तो."

मुलाखतीला आईला घेऊन कोणी जात नाही, हे मी तिला तऱ्हेतऱ्हेनं समजावलं. ती दुसऱ्या दिवशी माझ्याआधी तयार होऊन दारात उभी होती. हिरवं लुगडं, वर स्वेटर, हातात पिशवी.

कापसाचा ऐन हंगाम होता. गाडीतून दोन्ही बाजूंना पांढरी वावरं दिसत होती आणि फाटकापाशी कापूस भरलेल्या गाड्यांची रांग. ऑफिसात पोचलो तर तिथं गडबड. दोन फोन एकदम वाजत होते, सर या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. आईला त्यांनी पाहिलं, पण ती कोण हे विचारायलाही सवड नव्हती. आई बाकावर बसली. मला या वेळी बसावं लागलं नाही.

"आलात? बरं झालं," सर म्हणाले. "आजची टेस्ट जरा मोठी आहे. एका नोंदीच्या दोन पावत्या निघतात. का निघतात ते शोधायचं."

दादानं खुर्ची दिली. आतापर्यंत मला प्रोग्रामचा तेवढाच तुकडा दाखवत असत. आज पूर्ण प्रोग्राम उघडलेला होता. मी वरून खाली वाचत गेले. दुसरी पावती कुठून येते ते शोधत होते, आणि पावतीच्या तारखेपाशी आले, तर समोर 'वांगी'. त्याच्याखाली 'सांबार'.

आधी मला हसूच आलं. मग हात थांबले. मी खाली पाहिलं. मराठी नावं छापणाराही भाग माझाच, जसाच्या तसा. ही परीक्षेची प्रत नव्हती. हा जिनिंगांमध्ये रोज चालणारा प्रोग्राम होता. चौकोनांत गेलेलं ते नाव अल्लीपूरच्या खऱ्या माणसाचं होतं.

मी दादाकडे पाहिलं. त्यालाही कळलं की मला कळलंय. तो टेबलाकडे पाहायला लागला.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सर दुसऱ्या फोनवर होते, दादा उचलेना, म्हणून मीच उचलला. पलीकडे एका जिनिंगचे दिवाणजी होते, आवाजावरून वयस्कर आणि भयंकर वैतागलेले.

"अजी, एका गाडीच्या दोन-दोन पावत्या निंगून राह्यल्या! फाटकाबाहेर लाइन लागली हाय. कास्तकार मले शिव्या देऊन राह्यले. कवा करता तुमी?"

मुलाखतीसाठी घासूनपुसून ठेवलेली माझी भाषा कुठं गेली कोण जाणे.

"काकाजी, मले एक सांगा, सगळ्याच गाड्यांच्या दोन निंगते का एखादीच्याच?"

"सगळ्यायच्या नाई. मधातच एखादीची निंगते."

"तवा नेट गेलतं का?"

"नेटचं काय इचारता बाई, ते तं सकाळपासून ये-जा करून राह्यलं."

"मंग असं करा. नेटची वायर काढूनच ठेवा. काटा चालू द्या, पावती देत राहा. एकच निंगन. नोंदी कॉम्प्युटरमंदी राहातात, त्या मागून पाठवता येतात. लाइन थांबवू नका."

दिवाणजींनी फोन तसाच धरून कुणाला तरी ओरडून वायर काढायला लावली. मशीनचा, ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला. थोड्या वेळानं म्हणाले, "एकच निंगाली जी! दुसऱ्या गाडीचीबी एकच!" आणि फोन ठेवून दिला.

सर माझ्यामागे उभे होते. "म्हणजे सापडलं?"

"सापडलं, सर. नोंद आपल्याकडे पोचते, पण पोचली हा निरोप नेट गेल्यामुळे परत जात नाही. मग तिकडचा प्रोग्राम तीच नोंद पुन्हा पाठवतो आणि आपण तिला नवीन समजून दुसरी पावती देतो."

"वा! मग करून टाका दुरुस्त."

मी कीबोर्डवरून हात काढले आणि मांडीवर ठेवले.

"करते. आधी मी इथं कोण आहे ते सांगा."

"म्हणजे?"

"सर, मागच्या दोन टेस्ट तुमच्या गिऱ्हाइकांकडे चालू आहेत." मी पडद्यावर बोट ठेवलं. "हे वांगी, हे सांबार. ही नावं माझी आहेत. तुम्ही पुसायचीही तसदी घेतली नाही."

सरांनी वाकून पाहिलं. मला वाटलं रागावतील. ते हसले. "अहो, खऱ्या कामावर टेस्ट घेतली तरच माणूस कळतो ना? तुमचं इम्प्रेशन चांगलं आहे. हे एवढं झालं की एचआर..."

"एचआर कोण आहे, सर?"

मग दादानं खुर्ची मागे सरकवली.

"सर, ती बरोबर बोलते," तो म्हणाला. त्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. "हंगाम सुरू झाल्यापासून मी एकटा आहे. मला जोडीला माणूस पाहिजे, टेस्ट नाही. हिला घेणार नसाल तर हे मी पण दुरुस्त करत नाही."

आता मात्र सर चिडले. दोन पोरं शिकवून तयार केली, दोघंही वर्षाच्या आत पुण्याला पळाली. मी कोणावर विश्वास ठेवायचा? तू गेलीस लग्न करून तर? ऐन हंगामात तुम्ही दोघं मिळून मला अडवता? आवाज चढत गेला. त्यातलं पहिलं खोटं नसावं. ते सांगताना त्यांचा चेहरा खरंच पडला होता. क्षणभर वाटलं, जाऊ दे, करून द्यावं आणि निघावं.

बाकावरून आई उठली. ती आत आली नाही, उंबऱ्याशीच थांबली.

"साहेब, मी हिची आई. मले कॉम्प्युटरमधलं काई समजत नाई. पोरीले घ्याचं असन तं घ्या, नाई तं नाई म्हना. नाई म्हटलेलं आमाले चालते. पन असं मधात लटकवून ठेवू नका."

ती ओरडली नाही. बाजारात भाव सांगते त्याच आवाजात बोलली, आणि पुन्हा जाऊन बाकावर बसली.

माझं ते 'जाऊ दे' कुठल्या कुठं गेलं. "सर," मी म्हणाले, "मी अडवलं नाही. काट्याचं काम सुरू आहे, रांग सरकतेय, संध्याकाळपर्यंत काही बिघडत नाही. तुम्ही विचार करा. नाही म्हणालात तर चूक कुठं आहे ते मी दादाला दाखवून जाईन आणि आम्ही आमच्या गाडीनं परत जाऊ. पण हात मी कंपनीची माणूस म्हणूनच लावीन."

सर गॅलरीत गेले. काचेतून त्यांची पाठ दिसत होती. दादा मला हळूच म्हणाला, "चहा घेणार?" त्या ऑफिसात मला विचारलेला तो पहिला चहा. आईनंही घेतला, आणि साखर कमी आहे म्हणाली.

कप खाली ठेवायच्या आत सर परत आले आणि कॉम्प्युटरसमोर बसून टाइप करायला लागले. प्रिंटरमधून कागद आला. नेमणुकीचं पत्र. माझं नाव, हुद्दा, पगार. पगार वाजवी होता. पण खाली दोन ओळी होत्या: पहिले सहा महिने प्रशिक्षण म्हणून बिनपगारी, आणि मूळ सर्टिफिकेटं कंपनीकडे जमा. मी टेबलावरचं पेन उचललं आणि दोन्ही ओळी खोडल्या.

"अहो! असं खोडतं का कोणी?"

"नवीन प्रिंट काढा ना, सर. आणि रुजू व्हायची तारीख बदला. यात उद्याची आहे."

"मग कधीची पाहिजे?"

"पहिल्या टेस्टची. मी त्या दिवसापासून काम करतेय."

ही गोष्ट मी घरून ठरवून आले नव्हते. त्या क्षणीच सुचली, आणि तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं की हीच मला सगळ्यात जास्त हवी होती. पगारापेक्षाही. त्या दोन दिवसांना मी मुलाखत म्हणायला तयार नव्हते. ते माझं काम होतं, चांगलं झालं होतं आणि गावोगावच्या काट्यांवर चालत होतं.

बाकी ओळी काढायला सर लगेच तयार झाले. तारखेवर मात्र अडले. ऑडिटर काय म्हणेल, अशी पद्धत नाही, आधी झालं ते झालं. मी हो म्हटलं नाही आणि वादही घातला नाही. पत्र टेबलावर ठेवून बसून राहिले. दादा खिडकीबाहेर पाहत होता, पण त्याच्या मिश्यांत हसू होतं. शेवटी सरांनी हवेत हात उडवले आणि पुन्हा टाइप केलं. मी नवीन पत्र वाचलं. तारीख बरोबर होती. सही, शिक्का झाला. ते फाइलीत ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. प्रत्येक नोंद निघायच्या आधीच तिला तिची ओळख द्यायची, म्हणजे तीच पुन्हा आली तर आपला प्रोग्राम म्हणेल, तू आली आहेस, बस. दादा शेजारी बसला. मी लिहीत होते, तो तपासत होता; एका जागी माझं चुकलं तिथं त्यानं लगेच थांबवलं. कितीतरी दिवसांनी कोणाच्या तरी सोबत काम करत होते. एका जागी नाव द्यायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "मेथी दे." आम्ही दोघंही खो खो हसलो. सर आतून डोकावले आणि परत गेले.

काम झाल्यावर दिवाणजींना फोन केला. म्हटलं, आता वायर लावा, नेट येऊ द्या, जाऊ द्या, काय होते ते पाहा. त्यांनी मुद्दाम दोन-तीनदा वायर काढली, लावली. वायर काढल्यापासून साठलेल्या सगळ्या नोंदी एकामागून एक आल्या. एकही दोनदा नाही.

"जमलं जी, एकदम जमलं!" ते म्हणाले. "तुमी नवीन हा का बाई? पहिले कवा आवाज नाई ऐकला."

मी सरांच्या दाराकडे पाहिलं. ते उघडंच होतं.

"नाई जी काकाजी," मी मुद्दाम जरा मोठ्यानं म्हणाले, "मी दिवाळीच्या पहिलेपासूनच हाय इथं."

परतीच्या पॅसेंजरला बसायला जागा मिळाली. समोर सेलूला उतरणाऱ्या दोन बायका होत्या. आईनं त्यांना, त्यांनी काही विचारलं नसताना, सगळी हकिकत सांगितली. तिच्या सांगण्यात सर चांगलेच घाबरले होते, जिनिंगं बंद पडायच्या बेतात होती आणि ती स्वतः उंबऱ्यावर नाही, टेबलावर हात आपटून बोलली होती. मी दोन-तीनदा तिला अडवायला तोंड उघडलं. मग म्हटलं, राहू दे. बाहेर ऊन उतरत होतं, मांडीवर फाइल होती, आणि समोरची एक बाई माझ्याकडे असं पाहत होती, जसं आयुष्यात कधीतरी लोकांनी माझ्याकडे पाहावं असं मला वाटायचं.

"मंग साहेब काय म्हने?" तिनं आईला विचारलं.

"काय म्हनन?" आई म्हणाली. "म्हने, उद्या लवकर येजो."

हे मात्र सर खरंच म्हणाले होते.